एक जूनच्या मुली

लुंबिनी हनवते पहिल्या आठवड्यातच माझ्या डोक्यात गेली.

आमची कंपनी लातुरात, औसा रोडला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सात माणसं, सात खुर्च्या, आणि आठवी एक मोडकी, ती पाहुण्यांसाठी. शाळा, वसतिगृहं, पतसंस्था यांना आम्ही सॉफ्टवेअर करून देतो. मी अंगद, मुरुडचा, तिथला सगळ्यांत जुना प्रोग्रामर. माझ्या कामातली चूक काढायला तोवर कुणी नव्हतंच. गिऱ्हाइकाचा फोन आला तर चूक आहे, नाही आला तर सगळं ठीक आहे, असा आमचा शिरस्ता. मला तो फार पसंत होता.

मग मृत्युंजय सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, निवासी शाळांचं मोठं सरकारी काम मिळालं. कागदावर एक अट होती. सॉफ्टवेअर देण्याआधी ते तपासणाऱ्या माणसाच्या सहीचा अहवाल जोडायचा. तपासणारं माणूसच आमच्याकडे नव्हतं, म्हणून टेस्टर म्हणून लुंबिनीला घेतलं. सरांच्या लेखी ती सहीपुरती होती. तिला हे कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ती खरंच तपासायला लागली.

पहिल्या दिवशी तिने एका विद्यार्थ्याचं वय उणे पाच टाकलं. सॉफ्टवेअरने ते मुकाट्याने घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने ‘जतन करा’ हे बटण लागोपाठ सात वेळा दाबलं आणि एकाच मुलाच्या सात नोंदी करून दाखवल्या.

"असं कोण करतंय?" मी वैतागून विचारलं.

"किनवटला करतेत सर," ती म्हणाली. "नेट हळू चालतंय, काय झालं काय न्हाई कळत न्हाई. माणूस दाबून राहतंय."

ती किनवटची. नांदेडला बीएस्सी झालेली, अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि हातात कायम एक दोनशे पानी वही. वहीत लाल पेनने तीनच रकाने: काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. मधल्या आणि शेवटच्या रकान्यात फरक पडला की ती उठून माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहायची. बोलायची नाही. मी मान वर करेपर्यंत नुसती उभी. एखाद्याच्या नाकात दम आणायचा हा प्रकार मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

तिचे वडील नागसेन रेल्वेत कीमॅन. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून ठरलेल्या पट्ट्यात रुळावरून चालायचं, रुळाला धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघायची, सैल दिसली की ठोकायची, हे त्यांचं काम. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर चालायची. एकदा मी चिडून म्हणालो की बाई, एवढं बारीक कशाला बघतेस, सॉफ्टवेअर चालतंय ना. तर म्हणाली, "गाडी रोज जाती म्हणून चावी घट्ट हाय असं समजू नको, असं बाबा म्हणतेत." मी चहा सांगितला.

आमच्याकडे रुजू होताना प्रत्येकाचे मूळ कागद, दहावीच्या गुणपत्रकापासून पदवीपर्यंत सगळे, सरांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात जमा होतात. तीन वर्षं सोडून जायचं नाही, तीन वर्षं भरली की कागद परत, असा करार. पोरं शिकतात आणि पुण्याला पळतात, म्हणून ही तरतूद. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. लुंबिनीनेही कागद दिले. देताना तिने प्रत्येक कागदाचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि खाली सरांची सही मागितली. सर हसले आणि त्यांनी सही केली. मला मात्र तेव्हा वाटलं होतं की ही पोरगी एवढी चौकस आहे, तर ही इथं अडकली कशी? आता कळतं की चौकस माणूससुद्धा नोकरी लागते तेव्हा डोळे मिटतंच.

तर ते निवासी शाळांचं काम. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या शाळांमधली नऊ हजार मुलं-मुली. नावं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि जेवणाच्या दारात अंगठा लावायचं यंत्र. अंगठा लागला, हिरवा दिवा, ताट घ्या. या शाळा चालवणाऱ्या खात्याला एका गोष्टीची फार काळजी होती. एकच नाव दोनदा लिहून बोगस पट दाखवतात, ते पकडून द्या. ते पकडायचा नियम मी लिहिला. आधार क्रमांक असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख या चारी गोष्टी जुळल्या की तो एकच विद्यार्थी समजायचा आणि दोन नोंदींची एक करायची. वडिलांचं नाव मुद्दाम सोडलं, कारण एकाच माणसाला कुणी दत्ता लिहितं, कुणी दत्तात्रय, कुणी दत्तराव. चार गोष्टी जुळल्यावर आणखी काय पाहिजे? मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं होतं.

आलेल्या यादीवर हा नियम चालवला तेव्हा एकशे त्रेचाळीस नावं गळाली. मृत्युंजय सर खूश. ते खात्याच्या बैठकीत जाऊन सांगून आले की आमच्या सॉफ्टवेअरने पहिल्याच फटक्यात एकशे त्रेचाळीस बोगस नावं पकडली. टाळ्या पडल्या म्हणे. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कचोरी होती.

मग एक जून आला.

आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो. पोराला शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, ज्वारी काढायच्या दिवसांतला. गुरुजी वर्षाचा अंदाज करायचे आणि तारीख टाकायचे एक जून, म्हणजे वय बरोबर बसतं. आमच्या पिढीत अर्धी शाळा एक जूनची. मीही एक जूनचा. आमच्या ऑफिसातल्या सात जणांपैकी चार कागदोपत्री एक जूनचे, खुद्द मृत्युंजय सरसुद्धा. म्हणून त्या दिवशी एकच मोठा केक येतो, त्यावर चौघांची नावं असतात आणि चौघांनी मिळून सुरीला हात लावायचा असतो. आमची थट्टेची रीत आहे ती. खरा वाढदिवस चौघांपैकी एकालाही ठाऊक नाही.

लुंबिनीचा जन्म रेल्वेच्या दवाखान्यातला, तिची तारीख खरी. ती केकच्या पलीकडे टाळ्या वाजवत उभी होती. टाळ्या वाजवता वाजवता तिचे हात थांबले. ती केकवरची नावं वाचत होती. मी तुकडा पुढे केला तर तिने तो घेतला, टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. तुकडा तसाच राहिला.

ती स्वतः पाचवी ते दहावी किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेत शिकलेली. तिने आपल्या वर्गातल्या अडतीस मुलींची नावं आठवून आठवून टाकली, गावासकट, जन्मतारखेसकट. आम्ही तपासायला नावं टाकायचो तेव्हा मनातून वाटेल त्या तारखा टाकायचो, सात मार्च, वीस नोव्हेंबर, जे सुचेल ते. तिने खऱ्या टाकल्या. जंगलातल्या वाड्या, एका वाडीत एकच आडनाव, आवडीची नावं चार-पाच, आणि तारीख एक जून. अडतीस मुली आत गेल्या, पस्तीस बाहेर आल्या.

ती वही घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. या वेळी बोललीसुद्धा.

"सर, आमच्या वर्गात दोन सिंधु होत्या. दोघी कनाके, एकाच वाडीच्या. अधीक्षिका शिवकांताबाई पटावर लिहायच्या, सिंधु थोरली, सिंधु धाकटी. तुमच्या यंत्रात धाकटी मेली."

"मेली काय म्हणतेस!"

"हाय का मग ती? दाखवा."

मी बघितलं. नव्हती. आणि मला लगेच समजलं की ते एकशे त्रेचाळीस कोण असतील. सगळे नाही, पण बरेचसे. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं तर मी समजू शकलो असतो. पण मी एक जूनचा माणूस, तासाभरापूर्वी एक जूनचा केक कापलेला, आणि माझाच नियम लिहिताना मला एक जून आठवला नाही. नोकरीत बसलं की माणूस आपलं गाव असं विसरतं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

पण हे मी तिला म्हणालो नाही. चुकांची आमची एक यादी असते संगणकावर. टेस्टर चूक नोंदवतो, प्रोग्रामर दुरुस्त करून नोंद बंद करतो. तिने नोंद टाकली, क्रमांक तीनशे बारा. मी सरांना विचारून ती बंद केली, शेरा दिला: ‘नियमाप्रमाणेच चालते.’ तिने पुन्हा उघडली. मी बंद केली, शेरा: ‘पुढील आवृत्तीत पाहू.’ तिने पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा मी शेरा न देताच बंद केली.

दुरुस्ती म्हटली तर दीड दिवसाची होती. पण मग नऊ हजार नावं पुन्हा चढवायची, पुन्हा तपासायची, आणि मुख्य म्हणजे सरांनी खात्यात जाऊन सांगायचं की ते बोगस नव्हते, ती खरी पोरं होती. शाळा पंधरा जूनला उघडणार होत्या. सर म्हणाले, "अंगद, टाळ्या परत करता येतेत का?"

याच आठवड्यात लुंबिनीला पत्र आलं. आमच्याकडे येण्याआधी तिने कनिष्ठ लिपिकाची परीक्षा दिली होती, तिचा निकाल रखडत रखडत आता लागला होता. ती पास होती. बारा जूनला सकाळी दहा वाजता नांदेडला कागदपत्रांची पडताळणी. मूळ कागद अनिवार्य, न आणल्यास निवड रद्द. घरात सरकारी नोकरी म्हणजे वडिलांची रुळावरची, आणि वडिलांचे गुडघे गेलेले. पत्र घेऊन ती केबिनमध्ये गेली, तेव्हा सरांनी मलाही आत बोलावलं.

सर वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असते तर सोपं झालं असतं. त्यांनी तिचं अभिनंदन केलं. पेढे मागितले. मग टेबलावर तपासणीचा अहवाल ठेवला. तेरा पानं, शेवटच्या पानावर ‘सर्व तपासण्या यशस्वी’ आणि खाली सहीची जागा.

"करार तीन वर्षांचा हाय, तुझी पावणेदोन झालेत," सर म्हणाले. "तरी मी आडवा येणार न्हाई. सरकारी नोकरी कोण सोडतंय? एवढी सही कर, कागद घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

"सर, एक तपासणी फेल हाय."

"एकच ना?"

"तीत पोरी हायत सर."

सरांनी खिशातून किल्ली काढून अहवालाच्या शेजारी ठेवली. धमकी नाही, आवाज नाही. खालून खताच्या पोत्यांची धप्प धप्प ऐकू येत होती. लुंबिनी माझ्याकडे वळली.

"अंगद सर, तुम्ही सांगा. काय करू?"

पावणेदोन वर्षांत तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. एरवी ती मला दाखवायची. मी म्हणालो, "कर सही. सगळीकडं असंच चालतंय. शाळा सुरू झाल्या की मी दुरुस्त करतो. माझा शब्द हाय."

तिने लाल पेन खिशात ठेवून माझा निळा पेन मागितला आणि सही केली. लुंबिनी नागसेन हनवते, अक्षर अन् अक्षर सुटं. चेहरा मात्र असा झाला होता की मी खिडकीकडे बघायला लागलो.

खाली टपरीवर तिचे वडील थांबले होते. पहाटेच्या गाडीने आले होते. त्यांनी कागदांची फाइल घेतली, चष्मा लावला, वहीतले क्रमांक आणि कागदांवरचे क्रमांक एकेक करून जुळवले. मग मला हात जोडले. "साहेब, पोरगी तुमच्यापाशी लई शिकली. तुम्ही सांभाळून घेतलं." मी हाव हाव, म्हणजे हो हो, करत वर आलो.

मी दुरुस्त केलं नाही. कारणं विचाराल तर डझनभर देईन. पंधरा जूननंतर अंगठ्याची यंत्रं बंद पडायला लागली, मग दुसरं गिऱ्हाईक, मग तिसरं. खरं कारण एवढंच की टेस्टर गेली होती, शेजारी येऊन उभं राहणारं कुणी नव्हतं, आणि गिऱ्हाइकाचा फोन आला नव्हता. शिरस्ता परत सुरू झाला होता.

सप्टेंबरात तिला नेमणूक मिळाली. तिच्यापुढे दोन जागा होत्या: भोकरचं कार्यालय, नांदेडपासून जवळ, खुर्ची-पंख्याचं काम, किंवा किनवटकडची निवासी शाळा. तिने किनवट मागितलं. मला फोनवर म्हणाली, घर जवळ पडतं. मी म्हणालो, शहाणी असशील तर भोकर घे. ती म्हणाली, "भोकरला बसून मला झोप न्हाई येणार सर." शाळा तीच, जिथे ती शिकली. अधीक्षिका त्याच, शिवकांताबाई, निवृत्तीला आलेल्या.

आणि योग बघा, योग तरी कसला, त्या वाड्यांमध्ये नावंच तेवढी चार-पाच. आताही सातवीत दोन सिंधु कनाके होत्या. आताही शिवकांताबाईंच्या जुन्या कागदी पटावर थोरली आणि धाकटी होत्या. संगणकावर एक. जूनमध्ये थोरलीचा अंगठा नोंदला गेला. धाकटीने लावला की तांबडा दिवा. पहिले काही दिवस शिवकांताबाईंनी यंत्राला शिव्या घालत तिला ताट दिलं. पण संगणकावर एक जागा रिकामी दिसत होती, म्हणून वरून दुसरी मुलगी भरली गेली. खाट एक, मुली दोन. नाव नसलेल्या मुलीला ठेवायचं कसं? ऑगस्टमध्ये धाकट्या सिंधुला वाडीवर पाठवून दिलं. एकूण पट एकशे वीस होता तो एकशे वीसच राहिला. आकडा जुळत होता, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

लुंबिनीने रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी कागदी पट आणि पडदा शेजारी ठेवून नावं जुळवली. मग शाळेच्या वतीने आमच्याकडे तक्रार पाठवली, मुख्याध्यापकांच्या सहीने. सरांनी उत्तर सांगितलं आणि ते मीच टाइप केलं. ‘सदर प्रणालीची रीतसर तपासणी झालेली असून सर्व तपासण्या यशस्वी आहेत. तपासणी अहवाल सोबत जोडला आहे.’ जोडला. शेवटच्या पानासकट. मला वाटलं, उत्तर मुख्याध्यापकांच्या नावे आहे, तिच्या नजरेला कशाला पडेल? पाठवल्यावर आठवलं की शाळेचं टपाल उघडायचं काम लिपिकाचं असतं.

अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"सर, तुम्ही माझीच सही मला पाठवली."

मी काहीतरी बोलायला लागलो, वरून आदेश, कामाचा व्याप. मग ती म्हणाली, "मी काल वाडीवर जाऊन आले. धाकटीच्या घराला कुलूप हाय. आई-बाप कापूस वेचायला तेलंगणात गेलेत, तिला घेऊन. कोणत्या गावाला, शेजाऱ्यांला म्हाईत न्हाई." आणि फोन ठेवला. मला इतकी लाज वाटली की मी तसाच उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या आठवड्यात खात्याला तिचं पत्र गेलं. एक प्रत आम्हाला. तिच्या त्याच तीन रकान्यांत. काय केलं: एकाच गावच्या, एकाच नावाच्या, एक जून तारखेच्या दोन मुलींची नोंद. काय व्हायला पाहिजे होतं: दोन मुली. काय झालं: एक. त्याखाली लिहिलं होतं की सोबतच्या अहवालावरची सही माझी आहे, ही तपासणी फेल आहे हे मला सही करताना माहीत होतं, आणि सर्व तपासण्या यशस्वी हे वाक्य खोटं आहे. किल्लीबद्दल, कपाटाबद्दल, माझ्या शब्दाबद्दल एक अक्षर नव्हतं. मला वाटतं, तो रकाना तिच्या वहीत नव्हता.

ती परिवीक्षेवर होती, म्हणजे अजून पक्की झाली नव्हती. खोट्या अहवालावर सही केल्याबद्दल तिला कारणे दाखवा नोटीस आली. ती बाहेर पडून जिथे पोचली होती तिथे तिच्या आधी तिची सही येऊन बसली होती. आणि आमच्याकडे खात्याने विचारलं, ही चूक कंपनीला आधी कुणी कळवली होती का?

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तीनशे बारा नंबरची नोंद काढून टाक," ते म्हणाले. "कळवलंच नव्हतं म्हणू. सही तिची हाय, ती बघून घेईल."

ती नोंद म्हणजे तिने एक जूनलाच चूक सांगितली होती याचा एकमेव पुरावा. त्या यादीत कुणी, कधी, किती वाजता बंद केली ते सगळं राहतं. तिन्ही वेळा माझं नाव होतं. नोंद पुसली तर लुंबिनी खोटी पडत होती आणि मी सुटत होतो. ठेवली तर ती थोडी सुटत होती आणि मी अडकत होतो. मी "हाव सर" म्हणालो. अकरा वर्षांची सवय, तोंडातून तेच निघतं.

जागेवर आलो. त्या नोंदीवर बोट ठेवून बसलो. मोडकी खुर्ची समोर होती. लुंबिनी गेल्यापासून तिच्या जागेवरची चांगली खुर्ची कुणीतरी ओढून नेली होती आणि ही तिथे आणून ठेवली होती. कुणी शेजारी येऊन उभं राहिलं नाही. तरी मी मान वर केली.

मी नोंद छापली. तिन्ही शेरे, तिन्ही वेळा, माझं नाव. वर दोन ओळी लिहिल्या की ही चूक एक जूनला कळवली होती, नियम मी लिहिला, नोंद मी तीनदा बंद केली, आणि सही कर असंही तिला मीच सांगितलं. खात्याला पाठवलं, एक प्रत किनवटला. मग केबिनमध्ये जाऊन सरांना सांगितलं, आणि तिथल्या तिथे माझे मूळ कागद मागितले.

"तुझा करार तर आठ वर्षांपूर्वीच संपला," ते म्हणाले. "तू कधी मागितलेच न्हाईत."

खरं होतं. मी कधी मागितलेच नव्हते. त्यांनी कपाट उघडलं. माझी फाइल सगळ्यांत खाली होती, वरच्या फायलींच्या वजनाने दबून सपाट झालेली.

मला वाटलं होतं ते काढून टाकतील. नाही काढलं. ते सॉफ्टवेअर माझ्याशिवाय कुणाला उलगडत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. खात्याने दुरुस्तीचा आदेश दिला. सरांनी त्या दुरुस्तीला ‘सुधारित आवृत्ती’ असं नाव देऊन पत्र पाठवलं. एकशे त्रेचाळीसपैकी किती खरे निघाले ते मला माहीत आहे, आणि तो आकडा मला झोपेत आठवतो. माझे कागद आता घरी पेटीत आहेत, आणि मी अजून रोज सकाळी औसा रोडचा तोच जिना चढतो. लुंबिनीच्या नोटिशीचा निकाल लागलेला नाही. फाइल कुठल्या तरी टेबलावर आहे, आणि तोवर तिला पक्कं करणं थांबलेलं आहे.

दुरुस्ती मी केली. दीड दिवस म्हणालो होतो, चारच तास लागले. वडिलांचं नाव धरलं, एक जून तारखेवर यंत्राने स्वतः निर्णय घ्यायचा नाही, शाळेला विचारायचं, असं केलं. दोन सिंधु कनाके पटावर आल्या. थोरली आणि धाकटी. लुंबिनीच्या शाळेला नवीन आवृत्ती पाठवली आणि नियमाप्रमाणे खाली लिहिलं: चूक क्रमांक तीनशे बारा दुरुस्त केली आहे, तपासून नोंद बंद करण्यास हरकत नसल्याचे कळवावे.

चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. तेच तीन रकाने.

काय केलं: जेवणाच्या दारात रोज दोन्ही वेळा पट तपासला. काय व्हायला पाहिजे: दोन सिंधुंचे दोन अंगठे. काय झालं: पडद्यावर दोन्ही नावं दिसतात, अंगठा एकच लागतो. धाकटी आलेली नाही. घराला कुलूप आहे.

खाली तिने लिहिलं होतं, नोंद बंद करू नये.

त्याला पाच महिने झाले. तीनशे बारा उघडी आहे. सर अधूनमधून विचारतात की ती एक का लटकून राहिली आहे, आणि मी सांगतो की टेस्टरने अजून हो म्हटलेलं नाही.